कायद्याच्या अलीकडचे काम

हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनानंतर 1983 साली दंड संहितेत 498-अ हे कलम आले. 2005 साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. स्त्रीचळवळीने झगडून मिळविलेल्या या साधनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कायदा बहुधा हात उगारला गेल्यानंतर जागा होतो. तो उगारलाच जाऊ नये यासाठी समाजाने काय केले, हा प्रश्न उरतोच.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील दोन आकडे या दृष्टीने बोलके आहेत. स्वयंपाक नीट न करणे, न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे अशा सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे रास्त होय, असे मानणाऱ्या स्त्रिया 45 टक्के आणि पुरुष 44 टक्के आढळले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोठेतरी मदत मागणाऱ्या अवघ्या 14 टक्के होत्या. पहिला आकडा शिक्षणाचा आहे, दुसरा साधनांचा.

दोन्ही दिशांनी महाराष्ट्रात काम झालेले आहे. 2008 पासून मुंबईच्या 45 शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींशी स्त्री-पुरुष समता आणि हिंसा या विषयांवर वर्गात चर्चा करण्याचा उपक्रम राबविला गेला. त्याआधी, 1984 साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला. या शतकाच्या प्रारंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. जखम बांधताना ती कशी झाली, हेही तेथे आस्थेने विचारले जाऊ लागले.

मात्र समुपदेशन लाभले तरी घर सोडल्यावर रात्र कोठे काढायची आणि उद्याची चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न सुटत नाही. निवारा, रोजगार आणि कायम नेमणुकीचे प्रशिक्षित कर्मचारी यांवरील खर्चाला दानधर्म समजणे चूक आहे. तो रस्ते आणि पाणी यांच्याइतकाच सार्वजनिक खर्च आहे, आणि अंदाजपत्रकात त्याची मागणी तितक्याच आग्रहाने झाली पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढे यातून दोन कामे येतात. आपल्या तालुक्यातील संरक्षण अधिकारी कोण आणि 181 हा मदत क्रमांक कशासाठी, हे वस्तीतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक करून देणे, हे पहिले. दुसरे अधिक अवघड: वस्तीतील तरुणांना या विषयावर बोलते करणे. सभेत समतेवर बोलणाऱ्याच्या स्वतःच्या घरात बायको दबून वागत असेल, तर तरुण त्याचे भाषण विसरतील. ते घर मात्र त्यांच्या ध्यानात राहील.