पंप नको, डबा पुरे

आपल्या आयटीवाल्यांचा एक ठरलेला फंडा असतो. कुठलीही गोष्ट साधी दिसली की ती आपल्याला अपुरी वाटते. फ्लॅटच्या बाल्कनीत मातीविना भाजी लावायची म्हटलं की लगेच पंप, टायमर, पीव्हीसी पाईपांची शिडी, तापमानाचे सेन्सर आणि मोबाईलवर ग्राफ! झाड राहतं बाजूला आणि डॅशबोर्डच वाढत बसतो. :)

माझं मत याच्या अगदी उलट आहे. घरात हायड्रोपोनिक्स करायचं असेल तर सुरुवात विजेशिवाय करावी. एक झाकणाचा डबा, त्यात खताचं पाणी, झाकणाला भोक, भोकात रोप. बस्स. हवाई विद्यापीठातले बी. ए. क्रॅटकी यांनी ही पद्धत व्यवस्थित मांडली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाण्यात बुडालेली मुळं गुदमरत का नाहीत, हा पहिला प्रश्न. तर गंमत अशी की ती पूर्ण बुडलेली नसतातच. सुरुवातीला पाणी भोकातल्या कपाच्या तळाला जेमतेम टेकलेलं असतं. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतली वरची मुळं हवेतला प्राणवायू घेतात, खालची पाणी आणि क्षार. म्हणजे पंपाने जे काम करायचं ते झाड पाणी पिऊन स्वतःच करतं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत इतकं नीटस डिझाईन क्वचितच शिकवलं गेलं असेल.

याच कारणाने पातळी उतरलेली दिसली म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. हवेची सवय झालेली मुळं बुडाली की झाड मान टाकतं. लेट्यूसच्या एका रोपाला साधारण चार लिटर पाणी धरा, चार ते सहा आठवड्यांत पानं काढायला येतात. पुन्हा भरावंच लागलं तर थोडंसं भरा, पोकळी शिल्लक ठेवून.

आता जिथे खरी गोची असते ते, म्हणजे खत. नर्सरीत मिळणारं १९:१९:१९ पाण्यात टाकलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात कॅल्शियम नसतं आणि बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, डब्यात ती फौज नसते. म्हणून हायड्रोपोनिक्ससाठी बनवलेलं खत, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट (आपलं एप्सम सॉल्ट) लागतं. कॅल्शियम नायट्रेट बाकीच्यांबरोबर घट्ट द्रावणात कधीच एकत्र करू नका. सल्फेट आणि फॉस्फेटशी त्याचा साका तळाशी बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. आधी पूर्ण पाणी घ्या, मग एकेक विरघळवा. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान. एवढं मोजलं तरी पुष्कळ.

डबा अपारदर्शक हवा. उजेड आत गेला की शेवाळ आलंच. मासळीबाजारात मिळतो तसा थर्माकोलचा खोका मला सगळ्यात आवडतो, कारण तो उन्हाळ्यात पाणी तापू देत नाही. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय कोमट पाण्यात मुळं कुजवणारी बुरशी खूश असते. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये पुण्या-नागपूरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत लेट्यूसचा हट्ट नको. पुदिना लावा.

आणि डास! साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. झाकणाची प्रत्येक फट मच्छरदाणीच्या कापडाने बंद करा. हा भाग ऐच्छिक नाही. आपल्या छंदापायी शेजारच्या काकूंना ताप येता कामा नये.

एक विषय टाळता येत नाही. असले डबे परदेशात गांजा लावणाऱ्यांमध्येही लोकप्रिय आहेत. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावायची मुभा आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं २०वं कलम आहे: विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'एकच तर झाड आहे' ही पळवाट त्यात नाही. कायदा बरोबर की चूक यावर वाद जरूर घालूया, पण बाल्कनीत नको.

हे सगळं इतकं पोटतिडकीने लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या वयाचे बरेच जण 'नोकरी सोडून हायटेक शेती' या स्वप्नात आहेत. पॉलीहाऊसची चकचकीत सादरीकरणं बघून लोक बचत ओततात, वर कर्ज काढतात. त्यातल्या किती जणांनी आधी एका डब्यात एक रोप शेवटपर्यंत वाढवलंय? डबा तुम्हाला महिनाभरात काही शे रुपयांत शिकवतो की पिवळी पानं कशाने येतात आणि उकाड्यात मुळांचं काय होतं. तो हेही शिकवतो की मंडईतली पालकाची जुडी तुमच्या पालकापेक्षा स्वस्तच असणार. पैसे वाचवायला हा उद्योग करू नका, वाचत नाहीत. आणि हा हिशोब वीस लाख घातल्यानंतर कळण्यापेक्षा चारशे रुपयांत कळलेला बरा, नाही का?

साधेपणाला आपल्याकडे परंपराही आहे. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगला मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले. त्यांची 'बंगाल पद्धत' खडी, कोरडी खतं आणि हाताने घातलेलं पाणी यांवर चालायची. महागडी यंत्रं परवडणार नाहीत हे गृहीत धरूनच ती आखलेली होती. पंप वाईट असतो असं नाही. शंभर रोपं लावाल तेव्हा तो लागेलही. पण तो कशासाठी लागतोय हे तोवर तुम्हाला ठाऊक असेल.

असो. या विकांताला मॉलऐवजी मासळीबाजारात चक्कर मारा. खोका आणा, धुवा (नीट धुवा!), भोकं पाडा. ग्राफ नंतर काढू.