चालणारी स्क्रिप्ट कॉपी करू नका, कोरा साचा ठेवा

नवीन शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, लाल अक्षरात काहीतरी आलं, काहून चालत नाही हे?"

मी म्हणतो, लाल अक्षर आलं तर बरं झालं. गूगल शीटच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये चुकीच्या संदेशासोबत ओळीचा नंबरही मिळतो, तो आधी वाचा. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' दिसलं, की पहिले शीटचं नाव तपासा. शीटवर 'उधारी' आणि कोडमध्ये 'उधारि', एवढंच असतं पुष्कळदा.

खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची. समजा अमरावतीतलं कापड दुकान आहे. कॉलम असे: तारीख, गिऱ्हाईक, बाकी, जमा. 'गेटरेंज' कॉलम १ पासून मोजतो, म्हणून बाकी ३ नंबरला. पण 'गेटव्हॅल्यूज'ने उचललेल्या यादीत मोजणी ० पासून, तिथे ३ म्हणजे जमा! २०,००० च्या बिलात ८,००० जमा असतील, तर १२,००० ऐवजी ८,००० चा मेसेज जातो. स्क्रिप्ट मात्र एकदम व्यवस्थित चालली म्हणून सांगते. गिऱ्हाईक ८,००० देऊन मोकळं, मग भांडत बसा.

दुसरा धोका कॉपीचा. एकच अकाउंटंट ते दुकान आणि अकोल्याची डाळ मिल दोन्ही पाहतो. दुकानाची स्क्रिप्ट कॉपी करून मिलला लावली, जुना शीट आयडी तसाच राहिला. परवानगी दोन्हीकडे आहे, म्हणून तक्रार नाही. तुरीची नोंद साड्यांच्या खात्यात! दिवाळीला नवी वही घेताना जुनीची झेरॉक्स काढतो का आपण?

म्हणून साचा. वरच्या चार ओळींत शीट आयडी, शीटचं नाव आणि कॉलमचे नंबर, आयडीची जागा रिकामीच. शीट सापडलं नाही तर मराठीत सांगून थांबायचं. रक्कम आकडा नसेल तरीही थांबायचं, कारण मजकूर म्हणून बसलेले मराठी अंक जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाहीत, ती 'नॅन' देते. आणि एक 'चाचणी' स्विच, जो मेसेज न पाठवता नुसती यादी दाखवेल. नेटवरचा लांबलचक साचा आणू नका. जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती साच्यात नको. नवी चूक दुरुस्त केली की तिची तपासणी साच्यात टाकायची.

उधारीची स्क्रिप्ट आज लावणार असाल, तर 'चाचणी' चालू ठेवा, पाच गिऱ्हाइकांची बाकी वहीशी ताडून पहा, मग पाठवा.