पानाचा रंग मोबाईलला विचारू नका

मागच्या हंगामात सोयाबीन पिवळं पडत होतं, म्हणून रोज मोबाईलवर फोटो काढून सल्लागाराला पाठवत होतो. एका दिवशीचा फोटो जास्तच पिवळा दिसला. घाबरून फेरसची दुसरी फवारणी केली. नंतर लक्षात आलं, तो फोटो दिवस मावळतीचा होता. पीक होतं तसंच होतं, पैसे मात्र गेले.

मोबाईल प्रत्येक फोटोत रंग अन् उजेड आपल्या मनाने सुधारतो. लग्नात ठीक आहे, वावरात नाही.

आता जुन्या कॅमेऱ्याने रॉ फाईल काढतो, लॅपटॉपवर डीसीरॉने उघडतो. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ साली लिहायला घेतलेला हा फुकट प्रोग्राम. बटणं नाहीत, काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची. पण गंमत म्हणजे हासुद्धा न सांगता फोटो उजळतो! ते थांबवायला कॅपिटल डब्ल्यू द्यावा लागतो. रोज पहिल्या फोटोत करडं कार्ड धरायचं, कॅपिटल ए ने त्यावरून रंगाचे आकडे काढायचे, तेच स्मॉल आर ने त्या वेळच्या सगळ्या फोटोंना लावायचे. कॅमेरा मॅन्युअलवरच हवा.

ती ओळ मी वहीत लिहून ठेवलीय. माऊसने ओढलेली पट्टी वहीत कशी लिहिणार?

सल्लागार मंडळींनो, औषध सांगण्याआधी फोटो कधी अन् कसा काढला ते विचारा. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या, हे मोबाईलमध्येही दिसतं. कालच्यापेक्षा आज किती पिवळं, ते नाही दिसत.