‘देवमाता’ म्हणजे देवी नव्हे

‘देवमाता’ म्हटल्याने मरिया देवी ठरते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष नेस्तोरियस मरियेला ‘ख्रिस्तमाता’ म्हणा, असा आग्रह धरत होते. अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष सिरिल यांनी कडाडून विरोध केला आणि इ.स. ४३१ मध्ये एफिससच्या परिषदेने ‘देवमाता’ उचलून धरले. वाद मरियेच्या थोरवीचा नव्हताच! तिच्या पोटी जन्मलेला येशू खरोखर देव, की देवाशी जोडला गेलेला माणूस, यावर सारे भांडण होते. वांद्र्याच्या डोंगरावरील चर्चमध्ये मरियेपुढे मेणबत्ती लावणाऱ्या भाविकांना मूर्तिपूजक ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि ‘ख्रिस्तमाता’ म्हणणाऱ्या असिरियन चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनी दोन्ही नावांमागची श्रद्धा एकच असल्याचे संयुक्त निवेदनात मान्य केले.
– एक वाचक, वसई