खाण तशी माती?

शाळेत मास्तर असतो, शिपाई असतो, घंटा असते. पण मानसशास्त्रज्ञ हा प्राणी शाळेच्या आवारात प्रथम केव्हा शिरला? ब्रिटनपुरते उत्तर सोपे आहे. १९१३ साली लंडन कौंटी कौन्सिलने सिरिल बर्ट नावाच्या तिशीतल्या गृहस्थाला या कामावर नेमले, तेही अर्धवेळ. कामाची हद्द मात्र अख्ख्या लंडनभर! अमेरिकेत असा हुद्दा अर्नोल्ड गेझेलला मिळाला तो १९१५ साली.

मी पडलो मराठीचा मास्तर. मानसशास्त्राशी माझा संबंध प्राध्यापकांच्या खोलीतल्या चहापुरता. परंतु 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण त्या खोलीत दर निकालाला ऐकू येते, आणि ती ऐकली की मला हटकून बर्टसाहेब आठवतात.

बाप डॉक्टर. बालपण स्ट्रॅटफर्डजवळच्या स्निटरफील्ड या खेड्यात गेले. बापाच्या रोग्यांत गाल्टन घराण्यातली मंडळी होती. बुद्धी वंशपरंपरेने येते, असे सांगणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनचे नाव त्यामुळे पोराच्या कानी लवकरच पडले. पुढे ऑक्सफर्ड, मग लिव्हरपूलला अध्यापन आणि मग ही लंडनची चाकरी.

त्याआधी मंदबुद्धीच्या मुलांना वेगळ्या शाळेत धाडायचे की नाही, हे डॉक्टर ठरवीत. नाडी बघून जीभ बघावी, तशी अक्कलही बघायची! पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिमोनच्या मदतीने कसोट्या काढल्या होत्या. बर्ट यांनी त्या इंग्रज मुलांच्या बेताने बेतल्या, वाचन-गणिताच्या आपल्या कसोट्या जोडल्या आणि १९२१ साली त्यांचे पुस्तक काढले. (आपल्याकडे हेच काम व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कानडी आणि मराठी मुलांसाठी केले. 'बिने-कामत' हे नाव आजही कित्येक आईबापांना दवाखान्याच्या कागदावर भेटते.)

पण या माणसाचे खरे मोठेपण कसोट्यांत नव्हते. तो मुलांच्या घरी जाई. बालगुन्हेगारांवरील त्याचे १९२५ सालचे पुस्तक उघडावे. सुरुवातीलाच किंग्ज क्रॉस स्टेशनजवळचे एक कोंदट तळघर, त्यात स्वयंपाकघर आणि तिथे हुंदके देणारे साडेसात वर्षांचे पोर. चोर, शाळाबुडवा आणि खुनीसुद्धा! खेळगड्याला त्याने पाण्यात बुडवले होते. दुसरा कोणी असता तर 'खाण तशी माती' म्हणून मोकळा झाला असता. बर्ट त्या पोराचे घर, आजार, संगत, स्वभाव सारे उलगडत बसतात. एकाच कारणाने मूल गुन्हेगार होत नाही, पुष्कळ कारणे एकवटावी लागतात, हे त्यांचे सांगणे. हे पुस्तक प्रत्येक हेडमास्तरांच्या टेबलावर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग माणूस मोठा झाला. स्पिअरमन यांच्यामागून युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक, १९४६ साली 'सर'. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांच्या वाटा वेगळ्या करण्याची पद्धत इंग्लंडात रूढ झाली. तिचे सारे माप बर्ट यांच्या पदरात घालणे अन्याय होईल. पण बुद्धी बहुतांशी उपजत असते आणि ती मोजता येते, हा त्या पद्धतीमागचा विश्वास पक्का करण्यात त्यांचा हात मोठा होता. अकराव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात पोराला शर्टाची बटणे नीट लावता येत नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी जुळ्या भावंडांवर निबंध लिहिले. एकसारखी जुळी, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेली. त्यांच्या बुद्धीचे साम्य किती? १९५५ साली २१ जोड्या, १९५८ साली तिसाहून अधिक, १९६६ साली ५३. आणि सामूहिक कसोटीतला सहसंबंध तिन्ही वेळा ०.७७१! वाण्याच्या दुकानात धान्य दुप्पट-अडीचपट झाले तरी काटा असा हजारांशापर्यंत जागच्या जागी राहत नाही.

बर्ट १९७१ साली वारले. १९७४ साली लिऑन कामिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या आकड्यांवर बोट ठेवले. १९७६ साली ऑलिव्हर गिली या पत्रकाराने 'संडे टाइम्स'मध्ये विचारले, की निबंधांवर ज्यांची नावे आहेत त्या मिस हॉवर्ड आणि मिस कॉनवे या सहकारी बाया आहेत तरी कुठे? त्या सापडेनात. कागदपत्रे पाहावीत, तर पुष्कळशी मरणानंतर जाळली गेलेली.

चरित्र लिहिण्याचे काम बर्ट यांच्या बहिणीने लेस्ली हर्नशॉ यांच्यावर सोपवले होते. हे काही वैरी नव्हेत, चाहते. १९७९ साली चरित्र निघाले, आणि आकडे बनावट आहेत असा निकाल त्यांनाच द्यावा लागला. पुढे जॉयन्सन यांनी १९८९ साली आणि फ्लेचर यांनी १९९१ साली बर्ट यांचा कैवार घेतला. लबाडी सिद्ध झालेली नाही, पुरावा अपुरा आहे, असे त्यांचे म्हणणे. खटला तिथेच लोंबकळत आहे. मला हर्नशॉ यांचे म्हणणे अधिक पटते, कारण बर्ट यांच्या रोजनिशा त्यांच्या हाती होत्या. त्यांनी त्या पानोपान चाळल्या. ज्या वर्षांत जुळ्यांच्या जोड्या वाढत गेल्या, त्या वर्षांत कोण्या जुळ्याला तपासल्याची नोंद त्यांना कुठे आढळली नाही.