टेबल तुमचं, नियमही तुमचेच

एप्रिल-मेमधला मंगळवेढा डोळ्यांसमोर आणा. ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या, काळं रान भेगाळलेलं आणि पारा चाळिशीच्या पुढं. क्रिकेट काय ते सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. मधली अख्खी दुपार खोलीवर. चारजण असले तर चार मोबाइल, चार वेगवेगळे गेम, आणि एकमेकांशी बोलणं कधी, तर चार्जर मागताना.

या दुपारीसाठी आम्ही एक खेळ सुचवतोय. टेबल हॉकी.

नाव ऐकून मॉलमधलं ते बारीक भोकांतून हवा सोडणारं लांबडं टेबल आठवलं असेल. ती एअर हॉकी. टेबल हॉकी तिच्याहून जुनी आणि तिच्याहून गरीब. 1932 साली, जागतिक मंदीच्या कडाक्यात, कॅनडातल्या टोरांटो शहरात डोनाल्ड मन्रो नावाच्या बापाकडं नाताळाला मुलांसाठी खेळणं घ्यायला पैसे नव्हते. मग त्यानं भंगारातलं लाकूड, तार, सुतळी असं हाताला लागेल ते गोळा केलं आणि घरातच बर्फावरच्या हॉकीचं छोटंसं मैदान ठोकलं. पुढं ईटन्स या तिथल्या मोठ्या दुकानानं ते विकायला ठेवलं. युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, या खेळानं इतकं मूळ धरलं की 1989 मध्ये स्टॉकहोमला त्याची जागतिक स्पर्धा झाली. सामना किती वेळाचा असतो माहितीय? पाच मिनिटांचा!

दांडे आणि फिरणारे खेळाडू बनवायचा खटाटोप आपल्याला झेपणार नाही, असं वाटत असेल तर सोपी आवृत्ती करा. चार फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा, कुणाच्याही ओळखीच्या सुताराकडं पडलेला असतोच. कडेनं दोन बोटं उंच पट्ट्या ठोका, दोन्ही आखूड बाजूंना मधोमध वीतभर फट सोडा, झाले गोल. कॅरमचा स्ट्रायकर ही चकती. ढकलायला प्रत्येकी एक जाड प्लास्टिकचं झाकण. वरून बोरिक पावडर. मॉलमध्ये जे काम हवा करते, तेच इथं पावडर करते, आणि लाइट गेली म्हणून सामना थांबत नाही.

पहिले चार दिवस नुसती मजा. पाचव्या दिवशी भांडण होणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. स्ट्रायकर उडून खाटेखाली गेला, तर चाल कुणाची? मधली रेघ ओलांडून हात पुढं नेला, तर गोल धरायचा का? सुरुवात होताच फटकन मारला, समोरचा अजून नीट बसलाही नव्हता, तर? (यावर त्या जागतिक स्पर्धांत तोडगा आहे: चकती टाकल्यावर पहिल्या तीन सेकंदांत झालेला गोल धरत नाहीत. खुशाल उचला.) भांडणाला घाबरून खेळ बंद करू नका. एक वही आणा आणि जे ठरलं ते लिहा. आमच्या मते स्पर्धा सुरू होते ती इथं, प्लायवूड आणलं त्या दिवशी नाही. आपल्याच विरुद्ध जाऊ शकेल असा नियम सगळ्यांनी मिळून मान्य केला, की टाइमपासची स्पर्धा होते.

खो-खोचंच बघा. हा खेळ महाराष्ट्रात गावोगाव होता, पण 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम कागदावर आणले, म्हणून एका गावाला दुसऱ्या गावाशी खेळता येऊ लागलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले. तुमचं प्लायवूड एवढं लांब जाणार नाही. नको जाऊ दे.

आता स्पर्धा कशी लावायची? आपल्याला सवय बाद फेरीची. आठजण असतील तर सात सामन्यांत निकाल. पण त्यातले चारजण पाच-पाच मिनिटं खेळून बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी ते येतच नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळावं. अठ्ठावीस सामने, म्हणजे 140 मिनिटं, दोन दुपारींत आरामात बसतात. सगळ्यात कच्च्या गड्यालाही सात सामने मिळतात आणि सातव्यापर्यंत तो तितका कच्चा राहत नाही.

एक गोष्ट मात्र टेबल बनवायच्या आधी ठरवा: ते ठेवणार कुठं? पोरांच्या खोलीवर ठेवलंत, तर वर्गातल्या मुली त्या स्पर्धेतून परस्पर बाद झाल्या, त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. तालुक्याच्या गावात संध्याकाळच्या मैदानावर मुली किती दिसतात, एकदा मोजून बघा. या खेळात ना ताकद लागते ना उंची, मनगट आणि नजर पुरते. म्हणून जिमखान्याच्या सरांना भेटा, कॉलेजातला एखादा कोपरा मागा. नाही म्हणाले, तर पुन्हा मागा.

आणि कृपा करून कुणाच्या दारात प्रायोजक मागायला जाऊ नका. 'अमुकभाऊ चषक' आपण सगळ्यांनी पाहिलेत. बॅनरवर भाऊंचा फोटो केवढा आणि खेळाचं नाव केवढं! बक्षीस मोठं झालं की बाहेरगावचे तयार खेळाडू येतात, आणि ज्यांच्या गावात स्पर्धा, ती पोरं सीमारेषेवर टाळ्या वाजवत बसतात. आपली वर्गणी दहा रुपये. त्यात पावडर येते, उरलेल्याचा चहा. सामन्यावर पैसे लावायचे नाहीत, हेही वहीत लिहा. ते तोंडी ठरवून भागत नाही.

राहिला पंच. मागचा सामना हरलेल्यानं पुढच्याला पंच व्हायचं, ही पद्धत चांगली चालेल असं वाटतं. रागात असलेला माणूस फार बारीक लक्ष ठेवतो. वही कुणाकडं ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण पहिल्या नंबरवाल्याकडं नको. नियमांची पानं भरली की आम्हालाही लिहून पाठवा, विशेषतः तो खाटेखाली गेलेल्या स्ट्रायकरचा नियम.