सल्ला विकून घर चालते काय?



द्राक्षपट्ट्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा बी.एस्सी. ॲग्री झाला. तीन वर्षे पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा दिल्या, पण यश आले नाही. आता तो म्हणतो, "मी गावी येऊन द्राक्षबागांचा सल्लागार होतो." घरधनी म्हणतात, "सल्ला तर पारावर फुकट मिळतो. तो विकत कोण घेणार?" शिक्षणापायी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. मुलगे आहेत, तशा कृषी शिकलेल्या मुलीही आहेत. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

सल्ल्याला गिऱ्हाईक आहे काय?

आहे. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्ष बागायतदार कित्येक वर्षे सल्लागारास फी देत आले आहेत. डाळिंबातही ती पद्धत रुळली आहे. कारण उघड आहे. फळछाटणीपासून काढणीपर्यंत चार-पाच महिन्यांत बागेवर लाखांच्या घरात खर्च होतो. फुलोऱ्याच्या सुमारास दोन दिवस पाने ओली राहिली आणि फवारणी चुकली, तर केवडा, म्हणजे आपला डाऊनी, घड खाऊन टाकतो. संजीवकात घड बुडवण्याची वेळ चुकली, तर मणी हवा तसा फुगत नाही. अशा वेळी पारावरची दहा मते कामाची नसतात. बागेत येऊन, पान उलटून पाहून, एकच गोष्ट ठामपणे सांगणारा माणूस लागतो.

मात्र सल्लागार म्हणवणारे पुष्कळ होतात आणि टिकतात थोडे. टिकतो तो ज्याचे नाव होते. शहरात याला हल्ली 'ब्रँड' म्हणतात. आपल्याकडे 'नाव' हा जुना शब्द पुरेसा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांचे नाव द्राक्ष बागायतदारांना ठाऊक आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती त्यांनी पुढे आणल्या. वेलीतला वेगळेपणा नजरेने हेरायचा, तो वेल वाढवून पाहायचा आणि पटला तर पुढे न्यायचा, हे असे काम असते. फलक लावून ते साधत नाही. नाव कामामागून येते.

सल्ला आणि औषध वेगळे ठेवा

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दुकानातला सल्ला फुकट असतो असे आपण समजतो. त्याची फी औषधाच्या बाटलीत असते. त्यात दुकानदाराचा दोष नाही, विकणे हा त्याचा धंदाच आहे. पण जो स्वतंत्र सल्लागार म्हणवतो आणि मागील दाराने कंपनीचे कमिशन घेतो, त्याचे नाव फार दिवस टिकत नाही. आज एक फवारणी जास्त सांगितली, उद्या एक टॉनिक जास्त सांगितले, की बागायतदार मनातल्या मनात हिशेब करतोच.

म्हणून पहिल्या दिवसापासून नेम करावा. औषध विकायचे नाही आणि कोणत्याही दुकानाचे वा कंपनीचे कमिशन घ्यायचे नाही. चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाच्या घटकाचे नाव लिहावे. मग शेतकरी ते कुठूनही, परवडेल त्या भावात घेईल. "आज फवारणीची गरज नाही," हे वाक्य फक्त फी घेणारा सल्लागारच निर्धास्तपणे बोलू शकतो. त्या एका वाक्याने वाचलेले पैसे शेतकरी विसरत नाही आणि तो ते चार जणांना सांगतो.

ज्यांना दुकानच काढायचे असेल त्यांनी खुशाल काढावे. त्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे व १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाने काढावे लागतात. पण मग स्वतःस दुकानदार म्हणवावे. एका माणसाने दोन्ही टोप्या घालू नयेत.

चुकीच्या चिठ्ठीचे मोल

सल्लागाराची चूक त्याच्या खिशातून जात नाही, शेतकऱ्याच्या जाते. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील सीसीसी, याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि पाठवलेला माल अडकला. हे औषध वेलीची वाढ आवरण्यासाठी खरड छाटणीनंतरच्या काळात वापरले जाई. उन्हाळ्यातल्या फवारणीचा जाब पुढच्या हंगामाच्या मालाला द्यावा लागला.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात: पीक व रोग, औषधाचा घटक, प्रमाण, किती पाण्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये, आणि फवारणाऱ्याने अंगावर काय घालावे. त्या पिकावर ज्याची शिफारस मंजूर नाही ते औषध लिहू नये. निर्यातीच्या द्राक्षांसाठी पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी काढते, तीच खिशात ठेवावी.

सुरुवात कशी करावी

एक पीक धरावे आणि जवळची चार-पाच गावे धरावीत. सर्व पिकांचा जाणकार असे कोणी नसते, आणि लोकही तसे मानत नाहीत.

पहिले वर्ष घरची बाग व चुलत्याची बाग हीच शाळा समजावी. प्रत्येक बागेची वेगळी वही करावी. माती-पाण्याचा अहवाल, छाटणीची तारीख, पाऊस, दिलेला सल्ला, शेतकऱ्याने प्रत्यक्ष काय केले आणि काय फळ मिळाले, हे सर्व तारखेसह लिहावे. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात, एक शेतकऱ्यास व एक आपणास. तीन हंगामांच्या अशा वह्या जवळ असतील, तर दुसरे प्रशस्तिपत्र लागत नाही.

पायरी म्हणून एक काम सुचवतो. फळछाटणीपूर्वी काडी तपासणी करतात. काडीचे डोळे उभे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की कोणत्या डोळ्यात घड आहे ते कळते आणि किती डोळ्यांवर छाटावे ते ठरवता येते. हे काम नव्या माणसास चांगले, कारण छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांत घड दिसू लागतात आणि आपण सांगितले ते खरे की खोटे, हे शेतकरी स्वतः मोजून पाहतो. अशा मोजता येणाऱ्या कामावर विश्वास लवकर बसतो.

फोनवर पानाचा फोटो पाहून औषध सांगण्याची घाई करू नये. "येऊन पाहतो, मग सांगतो," असे म्हणावे. येत नसेल ते विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञास विचारावे आणि विचारले असे शेतकऱ्यास सांगावे. त्याने मान कमी होत नाही.

भावकीत फी कशी मागावी?

इथेच बहुतेक मुले अडतात. मामा म्हणतो, "माझ्याकडून पैसे घेणार का रे?" मुलगा गप्प बसतो. मग मामाच्या गावात कोणीच फी देत नाही. फुकटचा सल्ला लोक ऐकतात, पण पाळत नाहीत. अर्धा पाळतात आणि बिघडले की पूर्ण दोष देतात. म्हणून पहिल्या वर्षानंतर मामासही फी लावावी. हवी तर थोडी कमी लावावी, पण लिहून घ्यावी. काही भाग छाटणीच्या वेळी व बाकी काढणीनंतर, अशी वाटणी दोघांसही सोयीची पडते. एकरी इतके टन काढून देतो, असा शब्द मात्र कधीही देऊ नये. पाऊस आपल्या हातात नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने भल्या भल्या बागा डाऊनीने गेल्या. अशा दिवसांत तोंड न लपवता बागेत जाऊन उभा राहतो, त्याला पुढच्या वर्षी लोक घरी येऊन बोलावतात.

हिशेब मांडून पाहू

उदाहरणादाखल धरू की एकरी हंगामाला २,००० रुपये फी ठरली. १५ बागायतदार, प्रत्येकी २ एकर, म्हणजे ३० एकर. एकूण ६०,००० रुपये झाले. प्रत्येक बागेस १० भेटी धरल्या तर १५० भेटी होतात. बागा दूरदूर असल्या तर १५० फेऱ्या माराव्या लागतील. फेरीस पेट्रोल ८० रुपये धरले, तर १२,००० रुपये गेले. बागा शेजारच्या गावांत असल्या आणि एका फेरीत तीन उरकल्या, तर ५० फेऱ्यांत काम होते आणि पेट्रोल ४,००० रुपयांवर येते. जवळची गावे धरावीत असे म्हटले, ते यासाठी.

५६,००० रुपये सहा महिन्यांवर वाटले तर महिना नऊ-साडेनऊ हजार पडतात. एवढ्यावर घर चालून कर्ज फिटणार नाही, हे घरधन्यांचे म्हणणे पहिल्या दोन वर्षांपुरते खरे आहे. म्हणून तोवर घरची शेती मुलाने सोडू नये. एकर दुप्पट झाले की चित्र बदलते. सुरुवातीस चारचाकी, कचेरी, फलक यांसाठी कर्ज काढू नये. हातभिंग, पाण्याचा सामू व क्षारता मोजण्याचे यंत्र, वह्या आणि घरची मोटारसायकल पुरे.

केंद्र सरकारची ॲग्री-क्लिनिक योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेमार्फत कृषी पदवीधर व पदविकाधारकांना प्रशिक्षण मिळते आणि पुढे बँक कर्जावर अनुदानाची सोय आहे. प्रशिक्षण जरूर घ्यावे. कर्जाचा विचार मात्र दोन हंगामांच्या वह्या भरल्यावर करावा.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना एवढेच सांगणे, की मुलास दोन वर्षे द्या. रिकामा बसतो का, हे पाहू नका, त्याची वही दर आठवड्याला भरते का, ते पाहा. वही भरत असेल तर तो कामाला लागला आहे असे समजा. आणि घरधन्यांना म्हणावे, या वर्षी आपल्याच बागेचा सल्ला त्याच्याकडून घ्या आणि ठरलेली फी त्याच्या हातावर ठेवा. बापाने फी दिली म्हटल्यावर भावकीलाही ती द्यावी लागेल.

पुढील अंकी: काडी तपासणीसाठी बागेतून काड्यांचा नमुना कसा घ्यावा.